तिरपीचं पोट

आमचं गाव धुळे-अमळनेर रस्त्यापासून थोडं आत. दारात तीसेक गावरान कोंबड्या, चार शेळ्या आणि एक म्हैस. कोंबड्यांत एक तिरपी आहे. तिची वरची चोच उजवीकडे गेलीय आणि खालची डावीकडे. ढिल्या कात्रीची पाती एकमेकांना चुकवून जातात, तशी. अंड्यातून निघाली तेव्हा चोच सरळ दिसत होती. पिसं भरायला लागली तसं टोक कललं, आणि चोच वाढत गेली तसा तिरकेपणाही वाढला. आता ती अंड्यावरची कोंबडी आहे.

सासूबाई तिच्याकडे बघून रोज एकदा तरी म्हणतात, "दिनभर टोचस, पन पोटमा काय जास? कापी टाक तिले." यातलं दुसरं वाक्य मी कानाआड करते. पहिलं मात्र अगदी खरं आहे. कोंबडी दाणा उचलते तो चोचीच्या दोन टोकांच्या चिमटीत धरून. तिरपीची टोकंच जुळत नाहीत, त्यामुळे अंगणात टाकलेला दाणा चोचीतून निसटतो. पण टोचायची खोड उपजत असते, ती सुटत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटेल, सगळ्यांत जास्त हीच खाते. म्हणून तिच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबायचं नाही, हात लावून बघायचं, असं मी ठरवून टाकलंय.

खाली लिहिलाय तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यातला एक दिवस. नवापूरला दिलेली नणंद, म्हणजे आमच्या ताई, आणि त्यांची मुलगी माहेरपणाला आलेल्या होत्या, त्यामुळे हाताखाली माणसं होती.

पहाटे ५.१५

खुराड्याची फळी काढायच्या आधी हात आत घालून तिरपीला बाहेर घेते. अंधारात कोंबडी गरीब असते. ओरडत नाही, फडफडत नाही. काखेत धरली की बोटं आधी गळ्याखाली जातात. छातीच्या वरच्या बाजूला, किंचित उजव्या अंगाला, खाल्लेलं अन्न साठायची पिशवी असते. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळी पिशवी चपटी लागली, तर कालचं पचलं. टणक गोळा लागला, तर अन्न अडकलं. थुलथुलीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आत आंबतंय. मग खाणं बंद आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा.

त्यानंतर छातीचं हाड. पोसलेल्या कोंबडीच्या या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं, हाडाची धार बोटाला जेमतेम लागते. उपासमार झाली की मांस आत बसतं आणि हाड वर येतं. पिसांच्या पसाऱ्यात हे बाहेरून काही दिसत नाही. भरदार दिसणारी कोंबडी हातात घेतली की नुसता सांगाडा, असं होऊ शकतं. आज पिशवी चपटी होती आणि हाडाची धार कालइतकीच.

५.४५

आज चोच घासायचा दिवस. दर पंधरा-वीस दिवसांनी तो येतो. चोचीचं वरचं आवरण केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याचंच, आणि ते जन्मभर वाढतं. बाकीच्या कोंबड्यांची चोच माती उकरताना, दगडावर पुसताना झिजत राहते. तिरपीची टोकं कशालाच नीट टेकत नाहीत, म्हणून वरचं टोक वाढून आकड्यासारखं खाली वळतं.

ताईंनी तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसवली, डोकं तेवढं बाहेर. उताणी धरायची नाही. पिशवीतलं पाणी उलटून श्वासनळीत जाऊ शकतं. हे काम उपाशीपोटी करायचं तेही याचसाठी. कोमट पाण्याचं फडकं चोचीला थोडा वेळ धरलं, म्हणजे ती जरा नरमते. मग मागून बॅटरी धरली. चोच फिक्या रंगाची असली की उजेड आरपार येतो आणि रक्ताचा जिवंत भाग कुठं संपतो ते गडद सावलीवरून कळतं. त्या सावलीच्या बऱ्याच पुढं, नेलकटरने ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा काढला. बाकीचं बारीक कानशीने घासलं. चुकून रक्त आलंच तर दाबून धरायला तुरटीची पूड शेजारी ठेवलेली होती. आज लागली नाही.

चोच यानं सरळ होत नाही. आतलं हाडच वाकडं वाढलंय, ते घासून कसं सरळ होणार? वाढलेलं टोक घासाच्या आड येऊ नये, एवढ्यापुरतंच हे काम.

ताईंना चोच कापण्याचं नवल नव्हतं. नवापूर म्हणजे खान्देशातली पोल्ट्रीची पेठ. अंड्यांच्या फार्मवर पिल्लं आठवडा-दहा दिवसांची झाली की तापलेल्या पात्यानं चोचीचं टोक उडवतात, म्हणजे दाटीत एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करत नाहीत. "चोच कापली ना वहिनी, की पुढचे काही दिवस खाद्याची भांडी काठोकाठ भरून ठेवतात," त्या म्हणाल्या. "थर पातळ असला तर दुखरी चोच भांड्याच्या बुडावर आपटते." तिरपीला खोल भांडं का लागतं, तेही यातच आलं. तिला दाणा चिमटीत धरता येत नाही, पण चोच ढिगात खुपसून खालच्या चोचीनं उपसता येतं. त्यासाठी उपसण्याइतका ढीग समोर हवा.

६.१५

भांडं म्हणजे आमचा जुना दगडी खल. बत्ता केव्हाच हरवला. खल चांगला खोल आहे आणि इतका जड की तिनं कितीही चोच मारली तरी कलंडत नाही. दोन विटा रचून तो तिच्या पाठीच्या उंचीला आणलाय. मान खाली घालून खाल्लं की उपसलेलं निम्मं बाहेर सांडतं.

खलात मक्याचा बारीक भरडा, थोडं बाजरीचं पीठ, सोयाबीनची पेंड, खनिज मिश्रणाची चिमूट आणि शिंपल्याची पूड. बाकीच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला तरी चालतं, त्या लागेल तसा वेचतात. तिरपीला वेचता येत नाही, म्हणून तिचा चुना पूड करून खाण्यातच मिसळावा लागतो. नाहीतर कवच पातळ होतं. सगळं पाण्यात कालवायचं, पण बेतानं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोट लावलं तर फुटावा. याहून पातळ झालं तर ते नाकपुड्यांवर जातं, याहून घट्ट झालं तर चोचीच्या कोनात अडकून बसतं. मका बुरशीचा नको. बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खराब करतं, आणि कालवलेल्या खाण्यात बुरशीचा वास लपून जातो. म्हणून भरडायला द्यायच्या आधी मका हुंगून, पाखडून घ्यायचा.

खलावर आणि तिच्यावर मिळून डालगं उपडं घालते. नाहीतर ओल्या खाण्याचा वास लागताच सगळी पलटण येते आणि दोन मिनिटांत खल साफ. इतर कोंबडीला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ हिला लागतो. तेवढ्यात माझं म्हशीचं दूध काढून होतं.

७.१५

डालगं उचललं. खलात निम्मं शिल्लक. ते तसंच झाकून ठेवलं, आठच्या सुमाराला पुन्हा देण्यासाठी.

आता तिचं तोंड पुसायचं. दोन चोचींच्या फटीत, गालाच्या आतल्या बाजूला खाण्याचा लगदा साचतो. उन्हाळ्यात तो तासाभरात वाळून चिकटतो आणि माशा घोंगावतात. ओल्या कापडाचं टोक पिळून बोटाला गुंडाळायचं आणि आतून एकदा फिरवायचं. तोंड पुरतं मिटत नसल्यानं तिची जीभही लवकर कोरडी पडते. ती गुलाबी आणि ओली आहे का, हे त्याच वेळी बघून होतं. छातीची पिसं खाण्यानं चिकटली असतील तर तीही पुसायची.

मग तिला इतरांत सोडते. दिवसभर वेगळं बांधून ठेवलं तर खाणं सोपं जाईल, पण कोंबड्यांत ज्येष्ठ-कनिष्ठ असा क्रम ठरलेला असतो. चार-आठ दिवस कळपाबाहेर राहिलेली कोंबडी परत आली की परकी ठरते आणि मार खाते. तिरपी आमच्याकडे सगळ्यात शेवटच्या पायरीवर आहे, पण पायरीवर आहे. तिचं जेवण वेगळं आणि राहणं सगळ्यांत, असा बेत त्यासाठीच.

८.००

उरलेलं खाणं आणि त्यात एक पिकून काळं पडलेलं केळं कुस्करून. जळगावकडून केळीच्या गाड्या येतात, त्यातली डागी केळी स्वस्तात मिळतात. केळं तिला उपसायला सोपं, पण त्यानं नुसतंच पोट भरतं, अंडं घडत नाही, म्हणून थोडंच.

मे महिन्यात इथला पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर, आणि खाल्लेलं पचवताना आणखी उष्णता तयार होते. म्हणून भर उन्हाच्या वेळी कोंबड्यांना खाद्य देत नाहीत. बाकीच्या पहाटे आणि सांजेला भराभर खाऊन मोकळ्या होतात. तिरपीची अडचण अशी की तिला दिवसातून जास्त वेळा खायला हवं, आणि ऊन मधले सात-आठ तास बंद करून टाकतं. दुसरं म्हणजे कालवलेलं खाणं या उष्म्यात दोन-अडीच तासांत आंबतं. म्हणून सकाळची तिची सगळी जेवणं नऊच्या आत उरकतात. नऊला खल घासून उन्हात पालथा. उरलेलं खाणं शेळ्यांना नाही, उकिरड्यावर.

११.००

डालग्याखाली अंडं. तिरपी अंडं तिथंच घालते, ही तिनं केलेली मोठी सोय. त्यावर पेन्सिलीनं फुली मारून ते स्वयंपाकघरातल्या वाडग्यात ठेवते. तिची अंडी खायची. खुडूक कोंबडीखाली कधीच ठेवायची नाहीत. भाची धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकते. तिनं विचारलं, "मामी, पण हे चोचीचं व्यंग रक्तातूनच येतं कशावरून?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला कारणं सांगितली होती ती अशी. आनुवंशिक दोष हे एक. अंडी उबताना तापमान बिघडणं हे दुसरं. कृत्रिम उबवणीत साधारण ३७.५ अंश राखावे लागतात आणि २१ दिवसांत पिल्लू निघतं, त्यात उष्णता वाढली तर पिल्लात व्यंग येऊ शकतं. आईच्या किंवा पिल्लाच्या खाण्यात बायोटिन, फॉलिक ॲसिड यांसारख्या जीवनसत्त्वांची कमतरता हे तिसरं. पिल्लूपणी लागलेला मार हे चौथं. एका कोंबडीकडे बघून यातलं नेमकं कोणतं ते सांगता येत नाही. पण आनुवंशिक असण्याची शक्यता आहे तोवर तिचा वंश वाढवायचा नाही, हा साधा नियम. आमचा कोंबडाही मी दरसाल दुसऱ्या गावातून बदलून आणते, म्हणजे बाप-लेकी-भावंडांत जोड्या लागत नाहीत.

भाचीनं मोबाइलवर अलास्कातल्या चिमुकल्या चिकडी पक्ष्यांचे फोटो दाखवले. तिकडं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चोच वेडीवाकडी लांबलेले पक्षी मोठ्या संख्येनं दिसू लागले आणि पुढं त्यांच्यात पोईसीव्हायरस नावाचा विषाणू सापडला. ते ऐकून शेजारच्या काकू दचकल्या. "म्हणजे हिलाबी रोगच आहे का?"

त्यांचं दचकणं मला समजतं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला. तिथं लाखोंनी कोंबड्या मारून पुरल्या, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांपर्यंत ती साथ पोचली. २०२१ मध्ये नवापुरानं पुन्हा तेच पाहिलं. तेव्हापासून या भागात कोंबडी जरा वेगळी दिसली की माणसं चार पावलं मागं सरतात. मी काकूंना सांगितलं ते असं: तिकडचा विषाणू रानपक्ष्यांचा, आणि त्यात धड असलेली चोच मोठेपणी लांबत जाते. तिरपीची पिल्लूपणापासून तिरकी आहे, सोबतच्या एकाही कोंबडीला तसं झालेलं नाही. तिच्यापासून कुणाला काही लागत नाही. साथीचा रोग वेगळा ओळखू येतो: एकाएकी दोन-चार कोंबड्या मरणं, तुरा निळा पडणं, डोकं सुजणं. तसं दिसलं तर मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेकता दवाखान्यात कळवायचं. आणि कोंबडी धड असो की वाकडी, हाताळून झाली की साबणानं हात धुवायचे.

दुपारी २.००

खुराड्याच्या जाळीला ओली गोणपाटं. कोंबड्या निंबाखाली चोच उघडून धापा टाकतायत. पाण्याच्या उथळ ताटल्या इतरांना पुरतात. कोंबडी पाणी ओढून पीत नाही, चोच बुडवून घोट घेते आणि मान वर करून गळ्यात उतरवते. तिरपीची चोच फाकलेली, त्यामुळे उथळ पाण्यात घोटच भरत नाही. तिच्यासाठी मातीची खोल कुंडी, तीही सावलीत, दुपारच्या आत दोनदा बदललेली. सगळ्याच कोंबड्या तिच्याच कुंडीवर येतात, कारण पाणी गार असतं. येऊ देत, पाण्यावरून भांडण नाही.

५.००

ऊन उतरलं की राखेचा खड्डा. गोवरीची चाळलेली राख आणि कोरडी माती. कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसांतल्या उवा झटकतात. पण लोळणं हे निम्मंच काम. उरलेलं काम चोच करते: एकेक पीस चोचीतून ओढून साफ करायचं आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या गाठीचं तेल त्याला लावायचं. तिरपीला यातलं काहीच नीट जमत नाही, म्हणून उवा तिच्यावर आधी चढतात.

संध्याकाळच्या उजेडात तिची शेपटी वर करून गुदद्वाराभोवतीची पिसं बाजूला केली. पिसांच्या मुळाशी पांढुरके दाणे चिकटलेले दिसले तर त्या लिखा. आज डाव्या पंखाखाली दोन-तीन उवा पळताना दिसल्या. राख चोळून चोळून पिसांच्या मुळापर्यंत घातली, डोळे आणि चोच वाचवून. उद्या पुन्हा बघायचं. वाढल्या तर डॉक्टरांकडून पावडर. शेतातलं फवारणीचं औषध पाण्यात कालवून कोंबडीला लावणारे लोक मी बघितलेत. ते अंगातून आत जातं, अंड्यात उतरतं आणि कोंबडीही जाते.

६.००

खल पुन्हा भरला. संध्याकाळचं जेवण मोठं, कारण रात्र त्यावर काढायची असते. सकाळचंच मिश्रण, वर एक उकडलेलं अंडं किसून. कोंबडीला अंडं घालताना भाचीला हसू आलं, पण वाढत्या अंगाला आणि अंड्यावरच्या कोंबडीला त्याहून सोपं मांसान्न या घरात दुसरं नाही. शिजवलेलंच द्यायचं, म्हणजे तिला कच्चं अंडं फोडायची चटक लागत नाही.

तासभर ती डालग्याखाली होती. मध्ये एकदा खल हलवून खाणं मधोमध गोळा करून दिलं. ती मधलंच उपसते आणि कडेचं तसंच राहतं.

७.१५

कोंबड्या खुराड्यात. तिरपीला शेवटी आत सोडायचं, पण आधी पुन्हा गळ्याखाली हात. आता पिशवी भरलेली हवी. आज भरगच्च लागली. सकाळी रिकामी आणि रात्री भरलेली, या दोन खुणा जुळल्या की मधल्या वेळात ती किती टोचत होती आणि किती सांडत होती, याला महत्त्व उरत नाही.

आठवड्यातून एकदा वजन. कापडी पिशवीत घालून लटकत्या काट्याला लावली: १ किलो ३४० ग्रॅम. गेल्या आठवड्यापेक्षा १० ग्रॅम जास्त. हे पोट भरलेलं असतानाचं वजन, म्हणून दर वेळी संध्याकाळीच घ्यायचं. एकदा सकाळी, एकदा रात्री घेतलं तर तुलनाच होत नाही. आकडा कॅलेंडरवर लिहिला, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

रात्री ८.३०

जेवताना ताईंनी सरळ विचारलं, "वहिनी, एवढं करून परवडतं का?" हिशेब असा. खाणं तिला बाकीच्यांपेक्षा फार जास्त लागत नाही; अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, हिचं सांडतं म्हणून थोडं जास्त. मुख्य खर्च वेळेचा. अंडी देते, पण बाकीच्यांपेक्षा कमी. नफा म्हणून बघितलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि शंभर कोंबड्यांच्या धंद्यात मी हे केलं नसतं. तीसमध्ये एक निभते.

ओढत मात्र न्यायचं नाही, हेही ठरलेलं आहे. मऊ खाणं समोर असूनही संध्याकाळची पिशवी अर्धी राहायला लागली, वजन सलग दोन-तीन आठवडे उतरलं, ती पिसं फुगवून कोपऱ्यात बसायला लागली, तर तिचे हाल थांबवायचे. चोच वाकडी असून पोट भरणारी कोंबडी सांभाळण्यात अर्थ आहे. पोटच भरत नसेल, तर आपण आपल्या समाधानासाठी तिला उपाशी ठेवतोय.

ताईंच्या शेजारणीकडं असंच एक पिल्लू निघालंय. ती औषध विचारत होती. औषध नाही, असं ताईंबरोबर सांगून पाठवलं. पिल्लू खातंय की नुसतं टोचतंय ते आधी बघ, खाणं बारीक आणि ओलं कर, भांडं खोल आणि उंचावर ठेव. आणि बाकी काही विकत घ्यायच्या आधी वजनकाटा घे.